एका हाताचे दोन डबे

माघ सरत आला की देवगाव फाट्यावर दुपारच्या गाड्या जोडीने येतात. एक सुलटी, एक उलटी. जिंतूरच्या अंगाने येणाऱ्या एस. टी.च्या चाकांना चाके लावून दुसरी एस. टी. मृगजळाच्या पाण्यात डोके खाली घालून थरथरत असते. गाडी जवळ येत जाते तसे पाणी आटते, उलटी गाडी सुलटीत विरघळते आणि शेवटी एकच गाडी धूळ उडवत थांबते. यात चमत्कार नाही. तापलेल्या डांबराला लागलेली हवा विरळ होते, वरची दाट राहते, आणि त्या थरांमधून येताना प्रकाश वाकतो. लिंबाजीला हे कारण ठाऊक नव्हते. पण अठरा वर्षे फाट्यावर सायकलींची पंक्चरे काढीत बसल्यामुळे उलटी गाडी दिसली म्हणून उठायचे नसते, एवढे त्याला पक्के कळले होते. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी तो बसून राही. त्या वेळी आपण झोपलेले असतो की जागे, हे त्याला स्वतःलाही सांगता आले नसते.

तो खरा उठे तो डब्यांसाठी.

फाट्याच्या आसपासच्या खेड्यांतली पोरे परभणीला कॉलेजात शिकत, खोल्या करून राहत, आणि त्यांचे जेवण गावाहून एस. टी.ने जाई. सकाळी आई डबा फडक्यात बांधून गावच्या गाडीच्या कंडक्टरकडे देई. गावची गाडी मात्र परभणीला जात नसे. ती फाट्यावरून वळे. म्हणून डबे लिंबाजीच्या दुकानात उतरत, भिंतीवरच्या लांब फळीवर थांबत, आणि जिंतूरमार्गे परभणीला जाणाऱ्या सव्वाआठच्या गाडीत चढत. संध्याकाळी रिकामे डबे त्याच वाटेने परत येत. हे काम लिंबाजीवर कुणी सोपवले नव्हते. एका पावसाळ्यात एका कंडक्टरने कोरडी जागा म्हणून एक डबा त्याच्या फळीवर ठेवला होता. आता ते तेवीस झाले होते.

कोणत्याही डब्यावर नाव नसे. फडक्याचा रंग, गाठीची तऱ्हा, बुडाचा पोचा, एवढ्यावरून लिंबाजी घर ओळखी आणि घरावरून पोर. आयांनी परभणीचा स्टँड पाहिलेला नव्हता आणि पोरांना सकाळची चूल दिसत नव्हती. त्या दोहोंच्या मधे ही फळी होती. सकाळच्या गुंगीत लिंबाजीला कधी कधी वाटे, की फळीवर तेवीस घरे आणि तेवीस पोरे एकमेकांशी हलक्या आवाजात बोलत आहेत, आणि आपल्याला त्यातला एक शब्दही कळत नाही, आणि तेच बरे आहे. डब्यात काय आहे याच्याशी वाटेवरच्या माणसाचा संबंध नसतो, असे त्याचे मत होते. ते मत बरेचसे बरोबर होते. कुठे अपुरे होते, ते त्या वर्षीच्या महाशिवरात्रीला कळले.

सुरुवात चार दिवस आधी, सोमवारी झाली. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव मुंबईत मंजूर होऊन साडेचार वर्षे उलटली होती. ठराव कागदावर होता, पाटी जुनीच होती, आणि मधल्या काळात मराठवाड्यातल्या पुष्कळ गावांत बौद्ध वस्त्यांवर दगड पडले होते, काही ठिकाणी घरे पेटली होती. त्या सोमवारी डोंगराकडच्या गावाहून आलेल्या गाडीतून सतरा बाया उतरल्या. पांढऱ्या लुगड्यांचा तो घोळका औरंगाबादकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत लिंबाच्या सावलीत बसला. त्यातली सरजाबाई उठून दुकानाशी आली. मोलमजुरी करून एकुलत्या पोराला बारावीच्या सायन्सला घातलेली बाई. तिचा डबा निळ्या फडक्यातला, दोन गाठींचा.

"लिंबाजीभाऊ, आजचा डबा हाय. उद्यापास्नं न्हाई."

"का बरं?"

"औरंगाबादला जायलोत आमी. सत्याग्रहाला. धरतेत म्हणं, आन पंधरा दिवस आत ठेवतेत."

"धम्मपालला सांगितलं का?"

"सांगितलं तर माझ्या आदी जाऊन बसंल तिथं. शनवारी त्याची परीक्षा हाय, नळ्यांची. ती होईस्तोवर त्याला कळू द्यायचं न्हाई."

"आन डबा बंद झाला तर कळणार न्हाई व्हय?"

सरजाबाईने फळीकडे पाहिले. एका ओळीत डबे बसले होते. "तुमच्याकडं एवढे डबे येतेत," ती म्हणाली, आणि गाडी लागली म्हणून पळाली.

विनंती म्हणावी असे त्यात काही नव्हते. लिंबाजीने ती तरीही स्वीकारली.

करणारे हात बदलले तरी हरकत नाही. डबा तोच, फडके तेच, गाठी दोन. परभणीला घेणाऱ्याला यापलीकडे काय दिसते? असा त्याचा हिशोब होता. प्रश्न फक्त हातांचा होता. सरजाबाईच्या वस्तीत मागितले असते, पण तिथल्या रांधत्या बाया तर तिच्याचबरोबर गाडीत चढल्या होत्या. लिंबाजी स्वतः बायको गेल्यापासून फाट्यावरच्या हॉटेलात खात असे, आणि तिथे भज्यांच्या पुढे काही मिळत नसे. दुपारी नदीकाठच्या गावची नर्मदाबाई जिंतूरच्या बाजाराहून परतली. शेतीवाडी असलेल्या घरची सून, आता स्वतःच सासू व्हायच्या वयाला आलेली. तिचा मुलगा बन्सीधरही धम्मपालच्याच कॉलेजात, त्याच वर्गात. तिचे डबे पितळी.

"नर्मदाबाई, एक डबा जास्तीचा भराल का? पंधरा दिवस."

"कुणाचा?"

"हाय एक पोरगं. माय गावाला गेलीया."

"लेकराची परीक्षा तोंडावर, आन माय गावाला?"

"काम निघालं तिचं."

नर्मदाबाईने त्याच्याकडे जरा वेळ पाहिले. "पंक्चर काढताना टायरला इचारता का, काटा कुठल्या रानातला म्हणून?"

"न्हाई."

"मग मी बी न्हाई इचारत. धाडा संध्याकाळी रिकामा डबा."

मंगळवार, बुधवार, गुरुवार. निळे फडके नदीकाठच्या गावाहून येत राहिले, दोन गाठींसकट. गाठी लिंबाजी स्वतः सोडून पुन्हा सरजाबाईसारख्या बांधत असे. संध्याकाळी डबा रिकामा परते. गाडी सुलटी होती, उलटी होती, मधे पाणी होते आणि काही हलत नव्हते. लिंबाजी डुलक्या घेत असे. आपण काही केलेच नाही, आणि तरी सगळे चालले आहे, असे सुख त्याला पूर्वी कधी मिळाले नव्हते.

शुक्रवारी महाशिवरात्र. सकाळी नदीकाठच्या गावाहून आलेले दोन्ही डबे हाताला जास्त गरम लागले. लिंबाजीचा स्वतःचाही उपास होता. हॉटेलवाल्याने पुढे केलेली भजी त्याने परत केली होती. तरीही, उपासाच्या दिवशी उपासाच्या घरून आलेल्या डब्यात काय असणार, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. त्याने दोन गाठी नीट बांधल्या आणि डबा सव्वाआठच्या गाडीत चढवला.

तीनच्या सुमाराला परभणीकडून उलट्या गाडीवर स्वार होऊन सुलटी गाडी आली आणि तिच्यातून धम्मपाल उतरला. खांद्याला पिशवी, हातात डबा, निळे फडके सुटलेले.

"मामा, माय हाय का?"

"हाय."

"जित्ती हाय का, ते इचारायलोय."

"हाय म्हणलं ना. बस. पाणी पी."

तो बसला नाही. त्याने झाकण काढून डबा लिंबाजीच्या नाकासमोर धरला. "हे काय हाय?"

"भगर."

"आन हे?"

"शेंगदाण्याची आमटी."

"आमच्या घरात छप्पन सालापास्नं उपास न्हाई. माय तापानं फणफणली तरी भाकरी थापंल, पण भगर शिजवणार न्हाई. मग ही शिजली कुठं?"

लिंबाजी सुटलेले निळे फडके गोळा करू लागला.

"मी सांगतो कुठं," धम्मपाल म्हणाला. "स्टँडवर बाकावर बन्सीधर शेजारी होता. त्यानं त्याचा डबा उघडला. तीच भगर, तीच आमटी, मिरची तशीच उभी चिरलेली. मी दोन घास त्याचे खाल्ले, दोन माझे. एका हाताचं हाय, मामा. मग मागचं आठवलं. तीन दिवस भाकरी पातळ यायली होती. मला वाटलं, मायला सवड घावली."

दोन नमुने शेजारी ठेवायचे, एकाच रीतीने तपासायचे, आणि फरक पडला नाही तर मूळ एक मानायचे. पोर चांगले शिकले होते. लिंबाजीला त्याचा अभिमान वाटला आणि लगेच भीतीही वाटली.

त्याने सगळे सांगितले. सतरा बाया, औरंगाबाद, पंधरा दिवस, शनिवारची परीक्षा. धम्मपाल ऐकताना हळूहळू खाली बसला. माय मेलेली नाही हे त्याच्या खांद्यांत आधी उतरले; राग मागाहून आला.

"नर्मदाकाकूला ठावं हाय, कुणासाठी करायलीय ते?"

"न्हाई."

"म्हंजे तिला ठावं न्हाई खाणारा कोण, मला ठावं न्हाई करणारं कोण. तुमाला एकट्याला समदं ठावं."

"मधल्या माणसाला ठावं असावंच लागतंय, बाबा."

"असावं. पण लपवावं का, हे त्यानं एकट्यानं ठरवायचं व्हय? माझी मावशी हाय नर्मदाकाकूच्या गावात. अठ्ठ्याहत्तरला दगड पडले, घरावरचा पत्रा अजून वाकडा हाय. मी तिथलं खाल्लं, मामा. चाटूनपुसून खाल्लं."

आपण नुसती फळी आहोत, असे लिंबाजी इतकी वर्षे समजत आला होता. फळीवर कुणी रागावत नाही.

"औरंगाबादची गाडी किती वाजता?" धम्मपालने विचारले.

"चारला."

"परभणीची?"

"पाचला. शेवटची."

"मी चारच्या गाडीनं जातो."

"उद्या सकाळी आठला परीक्षा हाय. ती बुडाली तर वरीस गेलं."

"माय आत बसलीया आन मी नळ्या हलवत बसू?"

तेवढ्यात सेलूकडची गाडी लागली आणि देवळाहून परतलेली नर्मदाबाई उतरली. हातात तांब्या, कपाळाला भस्म. तिच्या गावची गाडी साडेपाचला होती. नेहमीप्रमाणे ती सावलीला म्हणून दुकानाशी आली. उघडा डबा तिच्या नजरेला पडला.

"ही तर माझी भगर," ती म्हणाली. मग तिने पोराकडे पाहिले. "तुझा व्हय डबा? खाल्ली न्हाईस ती? खारट झाली का?"

"खारट न्हाई. आमच्यात उपास नसतेत."

नर्मदाबाईने तांब्या खाली ठेवला. डबा, निळे फडके, पोर, पुन्हा डबा. तिच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उलगडत जाताना लिंबाजीला दिसली.

"नर्मदाबाई, त्याचं असं झालं—"

"तुमी गप बसा, लिंबाजी. न बोलता लय बोललात तुमी."

लिंबाजीने एक ट्यूब घेतली, हवा भरली आणि पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडा शोधू लागला. दोघे त्याच्यापासून तीन हातांवर बोलत होती आणि त्यांच्या मधे आता कुणी नव्हते. शब्द त्याला पाण्याखालून यावेत तसे ऐकू येत होते.

"तुझी माय कुठं हाय?"

"औरंगाबादला. धरलंय."

"नामांतरात?"

"व्हय."

ट्यूबवर कुठेच बुडबुडा येईना.

"आदी कळलं असतं, तर केला नसता मी डबा," नर्मदाबाई म्हणाली. "खोटं कशाला बोलू तुझ्यापाशी."

"मला कळलं असतं, तर मी बी खाल्ला नसता."

"मग फिटलं."

"फिटलं कसं? तुमी घरी जाणार. माय तिथंच."

"नुसत्या नावानं काय व्हतंय रं एवढं?"

"तुमच्या बन्सीधरच्या डिग्रीवर बी येणार हाय ते नाव."

"त्याच्यावरच तर आमच्या घरचे चिडतेत," नर्मदाबाई म्हणाली, आणि तिला किंचित हसू आले; ते तिने पदराने पुसले.

रस्त्यावर पाणी चमकले. त्यात उलटी गाडी हलू लागली. धम्मपाल उठला आणि त्याने पिशवी खांद्याला लावली.

"उद्या काय हाय रं तुमचं?" नर्मदाबाईने बसल्या जागेवरून विचारले. "आयतवारी आला तर बन्सीधर नुसता नळ्या-नळ्या करीत व्हता."

"क्षार वळखायचा असतो. पांढरी पूड देतेत. कशाची हाय ते सांगायचं."

"चाखून?"

"चाखायचं नसतंय. इख बी असतंय त्याच्यात."

"मग वळखतूस कसं?"

"एकेक औषध टाकून बघायचं. काय झालं ते लिहायचं. काय न्हाई झालं तेबी लिहायचं. न्हाई-न्हाई करीत मागं एकच उरतंय."

"आमच्या बन्सीधरला येतंय का?"

"येतंय. पण शिशाचं कायम चुकवतोय. थंड झाल्याबगर निष्कर्ष काढतोय. गरम पाण्यात ते विरघळून जातंय, गार केलं की सुयांवानी खाली बसतंय. तेवढा दम त्याला निघत न्हाई."

"मग सांग की त्याला."

"आज बसणार होतो आमी दोघं..."

गाडी येऊन थांबली होती. उलटी सुलटीत मिसळली होती. दोन बायका आणि एक पोतडे चढले. कंडक्टरने फाट्याकडे नजर टाकली. पिशवी लावून उभा असलेला पोरगा त्याला दिसला असणार, कारण त्याने दोरीला हात घालून थोडी वाट पाहिली. धम्मपाल गार झालेल्या परीक्षानळीविषयी सांगतच होता. मग घंटी वाजली. गाडी औरंगाबादच्या दिशेने निघाली, थोडी दूर जाताच पुन्हा दोन झाली, आणि दोन्ही थरथरत पाण्यात बुडाल्या.

धम्मपालने गाडी सोडली की ती सुटली, हे लिंबाजीला ठरवता आले नाही. पुराव्यावरून दोन्ही म्हणता आले असते. धम्मपाल बराच वेळ तिकडे पाहत राहिला. मग त्याने पिशवी खाली ठेवली.

घमेल्याशेजारच्या रांजणातून पाणी घेऊन त्याने डबा घासला. राखेने घासला, तीन पाण्यांनी धुतला, फडके पिळून त्याची घडी घातली आणि दोन्ही लिंबाजीपुढे ठेवले.

"मामा, माय येईस्तोवर हा तुमच्यापाशी राहू द्या. ह्याच्यात दुसऱ्या कुणाचं घालू नका."

"आन तू खाशील काय? अजून दहा-बारा दिवस हायत."

त्याचे उत्तर धम्मपालने लिंबाजीला दिले नाही. तो नर्मदाबाईकडे वळला. "काकू, धाडायचा असंल तर तुमच्या डब्यात धाडा. तुमचा म्हणून धाडा. न्हाई धाडायचा तर राग न्हाई. खोलीवर भात टाकतो मी."

नर्मदाबाईने खाली ठेवलेला तांब्या पदराने पुसायला घेतला. लिंबाजीने ट्यूब पाण्यात तशीच धरून ठेवली. तिला काय विचारले गेले होते, ते या फाट्यावर कुणालाही समजले असते. तिचा पितळी डबा या पोराच्या खोलीत जाणार, तो ह्याच्या हाताने धुतला जाणार, परत येणार आणि तिच्या चुलीमागच्या मांडणीवर, तिच्या सासूच्या डोळ्यांदेखत, बाकीच्या भांड्यांत बसणार. दुसऱ्याचा डबा भरून देणे निराळे होते. पूड पांढरी होती आणि चाखायची सोय नव्हती.

पाचची गाडी आली. या वेळेला ऊन उतरल्यामुळे ती एकटीच आली. धम्मपाल चढला आणि खिडकीशी बसला. नर्मदाबाई तांब्या घेऊन खिडकीखाली गेली.

"दोन डबे हायत माझ्याकडं, एकाच जोडीतले," ती म्हणाली. "दुसऱ्याचं झाकण लय घट्ट बसतंय."

"मी उघडीन."

"भाकरी जाड करू का?"

"जराशी."

गाडी गेली. नर्मदाबाई परत सावलीला येऊन बसली आणि साडेपाचपर्यंत लिंबाजीशी एक अक्षर बोलली नाही. तिची गाडी आल्यावर चढताना मात्र म्हणाली, "सासू हाय अजून घरात. बघू."

शनिवारी सकाळी लिंबाजी नेहमीपेक्षा आधी येऊन बसला. दव होते, डांबर गार होते, रस्त्यावर कुठेही पाणी नव्हते. डोंगराकडची गाडी आली, सेलूची आली. फळीवर एकेक फडके वाढत गेले. आठला परीक्षा सुरू झाली असणार. त्याने हातातले पान्हे दोनदा पुसून ठेवले. आठ वाजून पाच मिनिटांनी नदीकाठच्या गावची गाडी वळणावर दिसली. कंडक्टर एका हाताने दांडा धरून दारात उभा होता, आणि त्याच्या दुसऱ्या हातात एकच गाठोडे होते.

लिंबाजीने ते घेतले. गाठोडे जड होते. एका मोठ्या फडक्यात दोन पितळी डबे शेजारी शेजारी बांधलेले. उंची सारखी, कडी सारखी, पोचा कुठे नाही, खूण कुठे नाही. त्याने ते दोन्ही हातांत तोलून पाहिले.

"बन्सीधरचा कुठला ह्याच्यात?"

"मी बी तेच इचारलं बाईला," कंडक्टर म्हणाला. "त्या म्हणल्या, लिंबाजीला सांगा, तुमचं काम कमी केलंय. दोन्ही सारखेच भरलेत. कुणाला कुठला बी गेला तर चालंल."

परभणीची गाडी लागली होती. लिंबाजीने गाठ न सोडता गाठोडे तसेच आत दिले.